हाउन्सलोच्या शिलेदाराची अडलेली लाथ

डॉक्टर गिरीश चौबळ यांनी चौतीस वर्षांत इंग्लंडातल्या लोकांचे तीन हजारांवर गुडघे बदलले, पण स्वतःचे दोन मात्र जुनेच ठेवले. ते दोन्ही आता कुरकुरत होते. अशा गुडघ्यांनिशी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांच्यावर एका पुस्तकाला लाथ मारायची पाळी आली, आणि तीसुद्धा पोटच्या मुलीच्या हुकमावरून.

मुलगी कस्तुरी. छत्तीस वर्षांची, जन्माने आणि उच्चाराने पश्चिम लंडनमधल्या हाउन्सलोची. लंडनच्या एका विद्यापीठात ती मध्ययुगीन साहित्य शिकवायची. म्हणजे चिलखतं घालून, घोड्यावर बसून, देवाच्या नावाने रानोमाळ हिंडणाऱ्या शिलेदारांच्या गोष्टी. सहा वर्षं तिची नोकरी एकेका वर्षाच्या कराराने पुढे सरकत होती. आता कायमची जागा निघाली होती आणि विभागप्रमुख प्रोफेसर प्रिचर्डबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, तुमचा अभ्यास चार साध्या माणसांपर्यंत पोचतो का, ते आम्हाला डोळ्यांनी बघायचंय. नाही पोचला तर जागा दुसऱ्याला. कस्तुरीनेही घरी जाहीर करून टाकलं होतं की या वेळी नाही जमलं तर हे सगळं सोडून ती एअरपोर्टजवळच्या कुठल्यातरी गोदामाच्या ऑफिसात चिकटणार. ती बोलली ते हसत हसत, पण तिचं ते हसू गिरीशरावांना अजिबात आवडलं नव्हतं.

म्हणून तिने जवळच्या सेंट ऑस्विन चर्चच्या मंडळींना घेऊन हे नाटक बसवलं होतं. ज्या जुन्या हस्तलिखितावर तिने थीसिस लिहिला होता, त्यातलीच गोष्ट. एक गर्विष्ठ शिलेदार रानातल्या संन्याशाच्या झोपडीशी येतो. संन्यासी धर्मग्रंथ वाचत असतो, तो उठून उभा राहत नाही. शिलेदाराचं डोकं फिरतं आणि तो त्या ग्रंथाला लाथ मारतो. झालं! त्याच्या ढालीवरचा क्रूस पुसला जातो, एक पांढरं हरिण त्याला सात वर्षं वणवण फिरवतं, कुठल्याच पंगतीत त्याला जागा मिळत नाही. शेवटी तो त्याच झोपडीशी परत येतो, चिखलातला तो ग्रंथ उचलतो, पुसतो, आणि मग गावकरी त्याला आपल्या टेबलाशी बसवून भाकरीचा तुकडा देतात.

"बाबा, त्या लोकांना प्रत्येक गोष्टीचा मिनिंग असायचा," कस्तुरीने समजावलं होतं. "व्हाइट हरिण म्हणजे ख्राइस्ट. ढालीवरच्या क्रॉसमध्ये पाच रेड डॉट्स म्हणजे त्याच्या फाइव्ह वूंड्स. आणि टेबल म्हणजे चर्च. बिल्डिंग नाही हं, माणसं. सगळे एकत्र खातात ना, ती."

"आमच्याकडे एक्स-रेत हाड दिसलं तर त्याचा अर्थ हाडच," गिरीशराव म्हणाले.

"म्हणूनच तुम्ही या रोलला परफेक्ट आहात."

खरं तर हा रोल चर्चचे कारभारी डेरेक यांचा. पण पडदा टांगताना ते शिडीवरून घसरले. त्यांनी फोनवर एक्स-रे दाखवला तेव्हा मुलीला सोडायला आलेल्या गिरीशरावांनी मोठ्या रुबाबात निदान केलं, "घोट्याला क्रॅक आहे. सहा आठवडे हलायचं नाही." नाटकाला तीन आठवडे उरले होते. निदान करून त्यांनी वर बघितलं, तर सेंट ऑस्विन चर्चच्या हॉलमधली सगळी मंडळी त्यांच्याकडेच बघत होती. डॉक्टर असल्याचा असा तोटा त्यांना यापूर्वी कधी झाला नव्हता.

मंडळी भली होती. एकेकाळी या चर्चमध्ये म्हणे उभं राहायला जागा नसायची. आता रविवारी पंचवीस-तीस डोकी जमत. जमैकाच्या दोन आज्या, केरळच्या नर्सेसची तीन कुटुंबं, एक नायजेरियन अकाउंटंट, आणि बाकी मूळचे हाउन्सलोकर, ज्यांना चहा घेतल्याशिवाय देव आठवत नसे. रेव्हरंड हिलरी ही त्यांची व्हिकर, म्हणजे धर्मगुरू. संन्याशाच्या भूमिकेत कॉलिन, निवृत्त बस ड्रायव्हर. कॉलिनचं पाठांतर चोख होतं, पण तीस वर्षं एकाच मार्गावर बस चालवल्यामुळे तो संवादातही मार्ग सोडत नसे. समोरचा चुकला, पडला, गायब झाला तरी कॉलिन आपल्या थांब्यावर आपलं वाक्य म्हणणारच.

शिवाय विमानं. सेंट ऑस्विन अगदी हीथ्रोच्या उतरणीखाली. दर दीड मिनिटाला डोक्यावरून एक विमान जायचं आणि बोललेलं काही ऐकू यायचं नाही. म्हणून नियमच ठरला होता. विमान आलं की सगळ्यांनी आहे त्या अवस्थेत पुतळा व्हायचं, विमान गेलं की पुढे चालू.

हे सगळं गिरीशरावांनी आत्मसात केलं. टिनच्या चिलखताची सवय केली, इंग्रजी संवाद कमोडवर बसून पाठ केले. अडलं ते एकाच जागी. पहिल्या तालमीला पुठ्ठ्याच्या लुटुपुटीच्या ग्रंथाला त्यांचा बूट लागला मात्र, आणि ते चिलखतासकट खाली वाकले, ग्रंथाला हात लावला, तो हात डोळ्यांना लावला आणि मगच पुढचं वाक्य म्हणाले.

"लव्हली," रेव्हरंड हिलरी म्हणाली, "पण हा आता थोडा कमी गर्विष्ठ वाटतोय."

दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले, तर पायच उचलेना. गिरीशराव काही फार देवभोळे नव्हते. ऑपरेशनच्या आधी कुणी पेशंट प्रार्थना करू लागला तर ते घड्याळ बघत. पण पुस्तकाला पाय लागला की हात खाली जाणार, हे त्यांच्या अंगात पार लहानपणी कुणीतरी पाठीत धपाटा घालून भरलं होतं, आणि ते काही केल्या निघेना.

"बाबा, किक नाही तर सिन नाही, पाप नाही," कस्तुरी काकुळतीला आली. "सिन नाही तर तो सात वर्ष कशाला भटकणार? प्रोफेसर पहिल्या रांगेत बसणार आहे. प्लीज. फक्त एक किक."

"अगं, पण पुस्तक आहे ते."

"कॉर्नफ्लेक्सचा बॉक्स आहे तो! आत काही लिहिलेला पण नाही!" मग थोडं थांबून ती म्हणाली, "आणि तुम्हाला पुस्तकाचा एवढा रिस्पेक्ट आहे, तर माझा थीसिस का नाही वाचला?"

हा घाव जुना होता. आठ वर्षांपूर्वी तिचा थीसिस लाल कापडी बांधणीत, सोनेरी अक्षरं घालून घरी आला, तो नेमका दसऱ्याच्या आदल्या दिवशी. गिरीशरावांनी तो पूजेत मांडला. दसरा संपल्यावर बाकीची पुस्तकं कपाटात गेली, पण हा ठोकळा देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, पोथीशेजारी, कायमचा राहिला. रोज आंघोळ करून ते देवांची पूजा करत आणि न चुकता अनामिकेने त्या लाल पुठ्ठ्यालाही हळदकुंकू लावत. पाहुणे आले की अभिमानाने दाखवत. "मुलीचा पीएचडी. चारशे बारा पानं!" पानं किती ते त्यांना पाठ होतं. पानांवर काय होतं, ते विचारू नये.

"रोज पूजा करतो मी त्याची," ते म्हणाले.

"पूजा कोणी मागितली बाबा? वाचा ना." एवढं बोलून ती दिव्यांची वायर बघायला निघून गेली.

ते 'निवृत्त झाल्यावर निवांत वाचेन' असं म्हणत आले होते. निवृत्त होऊनही चार वर्षं झाली होती. चारशे बारा पानं उघडली आणि एकही कळलं नाही तर, ही भीती त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवली नव्हती. ज्या माणसाला घरात सगळं कळतं, त्याला असं बोलून कसं चालेल? सुलक्षणाबाई तर बघतच राहिल्या असत्या.

सुलक्षणाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, बावीस वर्षं हीथ्रोवर अत्तरांच्या काउंटरवर उभ्या होत्या. त्यांचं इंग्रजी गिरीशराव चारचौघांत दुरुस्त करत, आणि त्या हसून चहा ओतत. सकाळी गिरीशराव फिरायला निघाले की त्या देव्हाऱ्यापुढे पाट घेऊन अर्धा तास बसत. "पोथी वाचायची वेळ आहे, मध्ये बोलू नका," अशी ताकीद असे. गिरीशराव चपला घालता घालता ती पुटपुट ऐकत आणि मनात म्हणत, बायकांना हे बरं जमतं.

आठवडाभर त्यांनी घरी सराव केला. आधी सुपरमार्केटच्या जाहिराती, मग मोटारीच्या विम्याचे कागद, मग चक्क ट्रेनचं एक जुनं टाइमटेबल. शुक्रवारपर्यंत ते नमस्कार न करता टाइमटेबल खोलीभर लाथाडू लागले. "मुलीच्या नोकरीसाठी बापाला काय काय करावं लागतं," असं ते सुलक्षणाबाईंना म्हणाले. त्या कोथिंबीर वड्यांचे उंडे वळत होत्या. "मारा एकदाची," त्या म्हणाल्या, "पण गुडघा सांभाळा."

शनिवारी दुपारी तीनला नाटक. एक वाजता कुणीतरी पुठ्ठ्याच्या ग्रंथावर चहाचा मोठा बंब ठेवला आणि वाफेने तो ग्रंथ पोह्यांसारखा फुगून विरघळला. कस्तुरी गाडी काढून घरी धावली. आई वड्यांचे डबे घेऊन आधीच निघाली होती, बाबा हॉलमध्ये चिलखत चढवत होते. कपाटात सगळी पेपरबॅक पुस्तकं. मग तिची नजर देव्हाऱ्याकडे गेली. लाल, जाडजूड, आठ वर्षांच्या हळदकुंकवाने पुठ्ठा असा माखलेला की अक्षरंच दिसेनात. अगदी तेराव्या शतकातला ग्रंथ वाटावा असा! स्वतःचंच पुस्तक, त्याला कुणाची परवानगी मागायची? बाबांना मात्र सांगण्यात अर्थ नव्हता. तिने ते बगलेत मारलं आणि न उघडता नेऊन कॉलिनच्या हातात दिलं.

हॉल नव्वद माणसांनी भरला होता. पहिल्या रांगेत प्रोफेसर प्रिचर्ड, मांडीवर वही. तिसऱ्या रांगेत सुलक्षणाबाई, मांडीवर डबा. गिरीशराव ढाल घेऊन आले, घोड्याला पाणी मागितलं, उर्मटपणे दोन वाक्यं फेकली. फार छान चाललं होतं. संन्याशाने मान वर केली नाही, तेव्हा शिलेदाराने त्याच्या हातातला ग्रंथ न बघताच हिसकून जमिनीवर आपटला, आणि गिरीशरावांनी मनात टाइमटेबल आणून उजवा पाय मागे घेतला.

तेवढ्यात विमान आलं.

सगळे पुतळे झाले. गिरीशरावही झाले, एका पायावर. मोठं विमान होतं आणि त्याला कसलीही घाई नव्हती. डावा गुडघा लटलटू लागला. तोल सांभाळायला नजर एका जागी ठेवावी म्हणून त्यांनी खाली बघितलं, आणि त्यांना पुस्तकावर स्वतःचं बोट दिसलं. म्हणजे बोटाचा ठसा. त्या सकाळीच लावलेलं कुंकू, अजून ताजं होतं.

तो कस्तुरीचाच थीसिस होता. पाय खाली घ्यावा तर पुतळा मोडतो, मारावा तर पोरीची चार वर्षांची मेहनत समोर पडलीय. विमान जाता जाईना. शेवटी निर्णय गुडघ्यानेच घेतला. तो वाकला, पाय खाली आला तो नेमका पुस्तकावर, आणि डॉक्टर गिरीश चौबळ एखादं भांड्यांचं कपाट कोसळावं तसे धाडकन दोन्ही गुडघ्यांवर आले. हात आपोआप पुस्तकाकडे गेला, मग डोळ्यांकडे. एकदा नाही, तीनदा.

पडद्याआड कस्तुरीने कपाळ धरलं. सिन गेलं, हरिण गेलं, सात वर्षं गेली, नोकरी गेली.

विमान गेलं. कॉलिनचा थांबा आला होता. समोरचा माणूस गुडघे टेकून माफी मागतोय, हे त्याच्या मार्गावर कुठेच नव्हतं. त्याने खणखणीत आवाजात आपलं वाक्य म्हटलं. "जे तू कधी वाचलं नाहीस, त्याला पायदळी तुडवतोस?"

हे वाक्य गिरीशरावांनी तालमीत वीस वेळा ऐकलं होतं. ते आज पहिल्यांदा त्यांना ऐकू आलं. उत्तर म्हणून त्यांना गर्वाने हसायचं होतं. ते म्हणाले, "नाही हो. एक पानसुद्धा नाही." आणि त्यांनी पुस्तक उघडलं.

त्यांना वाटलं होतं, कोरं करकरीत असेल. पण मध्यावर कुठेतरी उघडलं ते पान हाताळून मऊ झालेलं होतं आणि समासात पेन्सिलीने बारीक मराठी लिहिलेलं होतं. हे अक्षर ते चाळीस वर्षं किराणा सामानाच्या यादीवर बघत आले होते. 'रेलिक म्हणजे संतांच्या अस्थी वगैरे.' 'पिल्ग्रिमेज म्हणजे यात्रा, पण इथे चालणं हीच शिक्षा.' पुढचं पान. 'ह्या राणीचं बरोबर आहे.' त्याच्या पुढचं. तिथे छापील मजकुरात गर्विष्ठ शिलेदाराचं वर्णन होतं, त्याला सगळं दिसतं पण कशाचाच अर्थ लागत नाही असं काहीतरी, आणि शेजारी ठसठशीत अक्षरांत दोन रेघा ओढून लिहिलं होतं, 'हे म्हणजे थेट आमचे हे!!'

गिरीशराव हसले. ते शिलेदाराचं हसू नव्हतं, चिलखत खुळखुळेपर्यंत ते हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे कधी भरून आले ते त्यांनाही कळलं नाही. ते तिसऱ्या रांगेकडे वळले.

"सुलू, हे तू लिहिलंस?"

नव्वद माणसांनी माना वळवल्या. सुलक्षणाबाईंचा चेहरा लालबुंद. "अहो, नाटक चाललंय," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "पुढचं म्हणा!"

पुढचं म्हणायला आधी उठायला हवं होतं, आणि ते काही जमेना. मग कॉलिनने एक बगल धरली. पडद्यामागून रेव्हरंड हिलरी आली, तिने दुसरी धरली. जमैकाच्या दोन आज्या पंगतीच्या प्रसंगासाठी तयारच होत्या. त्यांनी बिचाऱ्याला खुर्ची दिली आणि सात वर्षं आधीच त्याच्या हातात भाकरीचा तुकडा ठेवला. नाटक वीस मिनिटं लवकर संपलं. ज्यांना गोष्ट ठाऊक नव्हती त्यांना काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही, त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

चहाच्या वेळी कस्तुरी ते पुस्तक हातात घेऊन आईपुढे उभी राहिली. "आई... तू वाचला? सगळा?"

"सगळा कुठला! तीनशे एकसष्ट पानांवर आलेय. रोज पाव पान जातं, डिक्शनरी बघत बघत. काही काही पानं आधी दोनदा वाचली, मग कळली."

"मग सांगितलं का नाही? मी आठ वर्ष समजत होते, घरात कोणी नाही वाचला."

"काय सांगू? हे म्हणाले असते, तुला काय कळतंय त्यातलं," सुलक्षणाबाई म्हणाल्या. गिरीशराव शेजारीच होते. त्यांनी मान डोलावली, कारण ते तसंच म्हणाले असते. "पण सहावं प्रकरण ओढलंयस हं तू. त्या हरणाचं एकदा सांगितलंस, कळलं. परत परत कशाला?"

कस्तुरी रडत होती आणि हसत होती. मागे प्रोफेसर प्रिचर्ड वडी खात उभ्या होत्या. त्यांनी समासातलं लिखाण बघितलं, पुठ्ठ्यावरचा हळदकुंकवाचा थर बोट न लावता बघितला, आणि त्यांच्या वडीचे कण वहीवर सांडले. कस्तुरीचा थीसिस हेच तर सांगत होता की या गोष्टी शिलेदारांनी एकट्याने वाचल्याच नाहीत. घरोघरी त्या कुणीतरी थोड्या थोड्या मोठ्याने वाचल्या, बायकांनी ऐकल्या, समासात खुणा केल्या, चित्रातल्या क्रुसांची इतकी चुंबनं घेतली की रंग झिजून गेला. कुणी पूजलं, कुणी वाचलं, आणि दोघं मिळून तो समाज झाला. "हे मुलाखतीला घेऊन या," प्रोफेसरबाई म्हणाल्या. "हे पुस्तक. समितीला बघू दे."

कस्तुरीने आईला सांगितलं. सुलक्षणाबाईंनी पुस्तक छातीशी धरलं. "अजून एक्कावन्न पानं राहिलीत माझी," त्या आपल्या दुरुस्त न केलेल्या इंग्रजीत थेट प्रोफेसरांना म्हणाल्या. "फोटो काढून न्या."

फोटो नेले. जूनमध्ये पत्र आलं, जागा कस्तुरीला मिळाली. पण ते नंतरचं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, गिरीशरावांनी पूजा केली. पुस्तकाशी आल्यावर कुंकवाचं बोट हवेतच थांबलं. मग त्यांनी ते बोट पंचाला पुसलं, चष्मा घातला आणि फिरायला न जाता दुसरा पाट आणून बायकोशेजारी मांडला. खाली बसायला त्यांना दोन मिनिटं लागली.

"तीनशे एकसष्टपासून तुम्हाला काही कळायचं नाही," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

"मग पहिल्यापासून वाच."

"मी नाही मागे जाणार. तुम्ही पहिलं पान वाचा, मी ऐकते."

त्यांनी पहिलं पान उघडलं. अर्पणपत्रिकेत एकच ओळ होती. 'बाबांसाठी, जे हे वाचतील.' त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग त्यांनी पान उलटलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत ते अडले. एका शब्दावर बोट ठेवून, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी बायकोला विचारलं, "ह्याचा अर्थ काय गं?"